बयाबाईच्या मांडीवरची टोपली

बेडशात धोंडाबाई आणि बयाबाई या दोघी सख्ख्या जावा. घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढा बोळ. सासू वारल्यापासून त्या बोळातनं एकही शब्द इकडचा तिकडं गेलेला नव्हता. एकदा बयाबाईची कोंबडी चुकून धोंडाबाईच्या वळचणीला अंडं घालून गेली. धोंडाबाईनं ते उचललं नाही, कारण ते बयाबाईकडचं. बयाबाई न्यायला आली नाही, कारण ते धोंडाबाईच्या दारातलं. शेवटी कोंबडीच रोज येऊन त्यावर बसू लागली, यथावकाश पिल्लू झालं, आणि पिल्लू अंगावरचं टरफल झटकून सरळ बोळ ओलांडून घरी गेलं. गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्या पिल्लालाही एवढी समज होती.

कुणाकडं लग्न असो, बारसं असो, आचारी चूल पेटवायच्या आधी विचारायचा, "धोंडाबाई कितव्या पंगतीला?" ती पहिल्या पंगतीला असली तर बयाबाई दुसऱ्या. पावसापाण्याचा अंदाज चुकला तरी बेडशात हा अंदाज कधी चुकला नाही.

भांडण शेतावरनं नव्हतं, घरावरनं नव्हतं. सासूनं शेवटचा घास कुणाच्या हातचा खाल्ला, यावरनं होतं. धोंडाबाई म्हणायची, मी कुस्करून दिलेली दूधभाकरी. बयाबाई म्हणायची, मी पाजलेली नाचणीची पेज. दहाव्याच्या दिवशी दोघींनी एकमेकींना खोटारडी ठरवलं आणि शपथ घेतली, की हिच्या हातचा घास माझ्या तोंडी नको.

आता यातली आतली गोष्ट अशी, की बयाबाई खोटं बोलतेय हे धोंडाबाईला पक्कं ठाऊक होतं, कारण ती स्वतःच खोटं बोलत होती. सासू माळकरी. भरल्या सप्ताहात महाराजांच्या पायावर हात ठेवून तिनं मिश्री सोडली होती. आणि मेली तेव्हा तिच्या दातांना, ओठांना, पार गालापर्यंत काळी मिश्री फासलेली. धोंडाबाईनं बायका जमायच्या आत पदर ओला करून म्हातारीचं तोंड लख्ख पुसलं. उशीखाली हात घालून डबी शोधली, ती मात्र मिळाली नाही. ती कुठं गेली हे कोडं तिला आजवर सुटलं नव्हतं. मग बायका आल्या, शेवटी काय खाल्लं म्हातारीनं, म्हणून विचारू लागल्या, तर धोंडाबाईच्या तोंडून दूधभाकरी निघून गेली. तिच्या खोट्यामागं सासूची अब्रू होती. बयाबाईच्या खोट्यामागं काय होतं? नुसता मोठेपणा. एवढ्यासाठी धोंडाबाईनं तिला माफ केलं नव्हतं.

एवढी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग धोंडाबाईच्या लेकाला, आदिनाथला, आईच्या गुडघ्यांची दया आली.

आदिनाथ तळेगावच्या एका कारखान्यात. तळेगाव दाभाड्याला सोसायटीत सहाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. "आई, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास, खाली बाग आहे, बागेत म्हाताऱ्यांचं हास्यमंडळ आहे," तो म्हणायचा. धोंडाबाईनं आधी म्हशीचं कारण दिलं. म्हैस विकली गेली. मग भाताच्या लावणीचं दिलं. लावणी झाली. ऑगस्टात तिच्याकडं एकही कारण उरलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "पलजोरसाहेबाकडं तेरा तारखेला जेवायचं बोलावणं हाय. ते मोडता येत न्हाई."

"ठीक आहे," आदिनाथ म्हणाला. "तिथं पाव खाल्लास की निघायचं. मी गाडी घेऊनच येतो."

धोंडाबाई बरं म्हणाली. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. आधी गाव सोडील ती हरली, हे एक. आणि दुसरं म्हणजे, रोज सकाळी दार उघडलं की समोर बयाबाई दिसायची आणि धोंडाबाई तिच्याकडनं तोंड फिरवायची; तिथनं तिचा दिवस चालू व्हायचा. सहाव्या मजल्यावर सकाळी उठून तोंड कुणाकडनं फिरवायचं?

आता हा पलजोरसाहेब कोण, ते सांगायला पाहिजे.

योसेफ पलजोर मूळचा लेहचा. जिथं समुद्र माणसाला स्वप्नातसुद्धा दिसत नाही, तिथला पोरगा समुद्र बघायला म्हणून नौदलात गेला, आणि नौदलानं त्याला लोणावळ्याला पाठवलं. लोणावळ्याला नौदलाचं केंद्र आहे. समुद्र नाही. पलजोर तिथं खानसामा होता, पाव भाजायचा. निवृत्त झाल्यावर परत का गेला नाही विचारलं तर म्हणायचा, "उधर थंडी बहुत है." बेडशात, लेण्यांच्या पायथ्याला त्यानं जमिनीचा तुकडा घेतला, पत्र्याची शेड घातली, आणि लोणावळ्याच्या टपऱ्यांना पाव घालू लागला.

तो मोरावियन पंथाचा ख्रिस्ती. गावाला हा पंथ कळायला वेळ लागला. पहिल्या वर्षी त्यानं डिसेंबरच्या तोंडाला ओट्यावर कागदाची मोठी, चहूबाजूंनी टोकं आलेली चांदणी टांगली. शेजारच्या केरबानं आठवडाभर वाट पाहिली आणि मग संकोचून सांगितलं, "साहेब, दिवाळी होऊन गेली. आकाशकंदील उतरवायचा ऱ्हायलाय तुमचा." पलजोर हसला. केरबाला वाटलं, त्याला शिडी नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी केरबानं स्वतः चढून ती उतरवून, घडी करून ठेवली. पलजोरनं परत टांगली. केरबानं परत उतरवली. असं नाताळपर्यंत चाललं. दोघांपैकी एकानंही आवाज चढवला नाही, आणि दोघांची मैत्री झाली ती अशी.

मग केरबा रोज सकाळी त्याच्याकडं चहाला बसू लागला. पलजोर आधी एक लहानसं पुस्तक उघडायचा आणि त्या दिवसाचं वचन वाचायचा. त्यांच्या लोकांत वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी बायबलातलं एकेक वचन चिठ्ठी टाकून काढतात आणि जगभर त्यांची माणसं त्या दिवशी तेवढंच वाचतात.

"माझं काय आलंय आज?" केरबानं विचारलं. "रास मीन."

"सगळ्यांसाठी एकच असतं भाऊ."

"सगळ्या राशींना एकच?" केरबाला हे फार कच्चं काम वाटलं. "आन् लोकं चालवून घेत्यात?"

लोणावळ्याच्या कबरस्तानात पलजोरच्या बायकोची कबर होती. वर एक लहानसा दगड, आडवा, जमिनीला टेकलेला. पलजोर म्हणाला, "आमच्यात सगळ्यांचे दगड एकसारखे. साहेब असो, खानसामा असो, उभं कुणी राहायचं नाही. आणि नवराबायको शेजारीशेजारी नसतात. पुरुष पुरुषांत, बायका बायकांत." हे केरबानं घरी सांगितलं, तर त्याची बायको कस्तुराबाई भाकरी थापायची थांबली. "म्हंजी मेल्यावर तरी सुटका," ती म्हणाली. "धर्म बरा दिसतोय."

ईस्टरला पहाटे तो त्या कबरस्तानात जाऊन ट्रम्पेट वाजवायचा, सूर्य वर येईपर्यंत. त्यांच्यातली रीतच ती. कामशेतच्या बँडवाल्यानं ते एकदा ऐकलं आणि लग्नसराईत त्याला घेऊन जाऊ लागला. मावळात कितीतरी नवरदेव अशा वाजंत्रीवर घोड्यावर चढले, जी मुळात मेलेल्यांना उठवायला शिकलेली होती. वरातीत चालणाऱ्याला फरक कळत नाही.

तर त्या वर्षी पलजोरच्या मनात आलं, की तेरा ऑगस्टचं प्रेमभोजन, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून पाव-चहा घ्यायची त्यांच्या पंथाची रीत, एकट्यानं किती वर्षं करायची, गावाला बोलवावं. मारुतीच्या पारावर चर्चा झाली. पलजोरनं उभं राहून समजावून सांगितलं.

"तीनशे साल पहले आमच्या लोकांचं एक गाव होतं, जर्मनीत. धर्मासाठी घरदार सोडून पळून आलेली माणसं. आणि नव्या गावात आल्यावर आपसातच भांडायला लागली."

"कशावरनं?" केरबानं विचारलं.

"प्रार्थना कशी करायची, कोण खरा, कोण खोटा. एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

"मग बेडसंच की," केरबा म्हणाला. सगळे खाली बघू लागले, कारण धोंडाबाई एका खांबाला टेकून बसली होती आणि बयाबाई दुसऱ्या.

"तेरा ऑगस्टला सगळे प्रार्थनेला बसले. आत काय झालं कुणाला नीट सांगता येत नाही. पण बाहेर आले ते भांडण विसरून. घरी जायचं मन होईना. म्हणून तिथल्या जमीनदारानं आपल्या घरून खाणं पाठवलं, आणि सगळ्यांनी एकत्र खाल्लं."

इथवर सगळ्यांना पटलं होतं. "जमीनदारानं खाणं पाठवलं?" केरबा म्हणाला. "साहेब, ह्ये जरा जास्ती व्हतंय."

मग एकानं विचारलं, की पाव खाल्ला तर आपण ख्रिस्ती होऊ का. पलजोर म्हणाला, नाही, हा संस्कार नाही, नुसतं एकत्र खाणं आहे, कुणीही यावं आणि होता तसाच घरी जावं. "जल्मभर इराण्याचा च्या प्यालो," केरबानं जोड दिली, "इराणी झालो का?" श्रावण होता म्हणून पलजोरनं पावात अंडं घालणार नाही असं कबूल केलं, आणि सभा उठली.

तेरा तारखेला पाऊस मावळातल्यासारखा पडत होता. शेडच्या पत्र्यावर असा आवाज, की बोलायचं तर माणसानं आधी खूण करून समोरच्याला सावध करावं. जमिनीवर ताडपत्र्या अंथरल्या होत्या. आदिनाथ गाडी घेऊन आला होता. धोंडाबाईची पिशवी त्यानं डिकीत ठेवली आणि किल्ली हातात खेळवत तो लग्न झालेल्या पुरुषांत जाऊन बसला.

बसवायचं काम केरबाकडं होतं. पलजोरनं त्याला जुनी रीत सांगितली होती: भावकी बघायची नाही, घर बघायचं नाही, मान बघायचा नाही. लग्न झालेले पुरुष एका ओळीत, लग्न झालेल्या बायका एका. विधुर निराळे, विधवा निराळ्या. बिनलग्नाच्या पोरी, बिनलग्नाची पोरं. गावाला असं कुणी कधी मांडून बघितलं नव्हतं. विधुरांच्या ओळीत पलजोर आणि वाडीतला शिदू असे दोघेच भरले. बिनलग्नाच्या पोरांची ओळ मात्र शेड संपली तरी संपेना. ती दारातनं बाहेर पडली, पावसात गेली, आणि गोठ्याला वळसा घालून रस्त्याला लागली. पोराचं जमत नाही हे आजवर प्रत्येक घर आपलं एकट्याचं दुःख म्हणून झाकून ठेवत होतं. त्या दिवशी आयांनी ती ओळ बघितली आणि कितीतरी जणींना बरं वाटलं.

विधवांच्या ओळीत धोंडाबाई आधी येऊन बसली होती. तिच्या पलीकडं इतर दोघी-तिघी, आणि शेवटाला डोंगरावरच्या वाडीतली म्हातारी हिरी. गावच्या पंगतीत वाडीची माणसं मागनं बसतात. इथं मागनं असं काही नव्हतंच, म्हणून ती विधवांत विधवा होऊन बसली होती. बयाबाई उशिरा आली. ओळीत एकच जागा मोकळी होती, धोंडाबाईच्या उजव्या हाताला. सगळं गाव एकाच पंगतीला असल्यामुळं दुसरी पंगतही नव्हती. बयाबाईनं जागेकडं बघितलं, पावसाकडं बघितलं, आणि बसली. दोघींनी अशी पाठ केली, की मधे एक उशी मावली असती.

रीत साधी होती. पलजोर ट्रम्पेटवर भजन वाजवणार. तेवढ्यात चहा फिरणार, आणि प्रत्येक ओळीत पावांची टोपली शेजारणीच्या हातातनं शेजारणीच्या हातात जाणार. ज्यानं त्यानं आपला पाव घ्यायचा आणि धरून बसायचं. शेवटच्या माणसाला मिळाला, की पलजोर दोन ओळींची प्रार्थना म्हणणार, प्रभू, तू पण आमचा पाहुणा हो, अशी. मग सगळ्यांनी बरोबरच खायचं. तोवर कुणी नाही.

बाकी ओळींतनं टोपल्या सुरळीत गेल्या. विधवांच्या ओळीत टोपली उजवीकडनं आली. बयाबाईनं आपला पाव घेतला, टोपली मांडीवर ठेवली, आणि लेण्यांच्या दिशेनं बघत बसली. धोंडाबाई दुसऱ्या दिशेनं बघत होती. तिकडं आदिनाथ होता आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली.

सगळ्या गावाच्या हातात पाव होते. सगळं गाव टोपलीकडं बघत होतं.

केरबा वाकून म्हणाला, "बयाबाई, भुईवर ठेव की. ती उचलून घेईल."

"देवाच्या नावाचं अन्न भुईवर ठेवू व्हय?" बयाबाई केरबाला म्हणाली.

केरबानं मग टोपलीला हात घातला. तशी धोंडाबाई पत्र्याला उद्देशून बोलली, "तिच्या मांडीवरचं हाय ते. केरबानं मधी हात लावला म्हणून काय निराळं व्हत न्हाई."

केरबा पलजोरकडं गेला. "साहेब, तुमीच त्या दिवशी सांगत व्हता. मुद्द्याच्या गोष्टीत समद्यांनी एक ऱ्हायचं, बिनमुद्द्याच्या गोष्टीत ज्याची त्याची मर्जी, आन् दोन्हीकडं माया ठेवायची. मग ही टोपली मुद्द्याची का बिनमुद्द्याची?"

पलजोरनं ट्रम्पेट तोंडातनं काढलं. बराच विचार केला. "टोपली बिनमुद्द्याची," तो म्हणाला. "म्हणून त्यांच्यावर जबरदस्ती नाही. पण शेवटच्याला मिळाल्याशिवाय आपण खायचं नाही, ती माया. ती सोडता येत नाही." आणि त्यानं पुढचं भजन धरलं.

चहा निवला. आधी कोमट झाला, मग गार, मग त्यावर साय आली, आणि सायीवर पत्र्यातनं गळणारे थेंब पडू लागले. बाहेरच्या पोरांच्या हातातले पाव पावसानं फुगायला लागले. माऊली नावाच्या पोराचा तर एवढा फुगला, की याला मोठा कसा मिळाला म्हणून शेजारचे कुरकुरले. पलजोरला येत होती तेवढी भजनं संपली. मधे थांबायची रीत नव्हती, म्हणून नाइलाजानं तो वरातीतल्या गाण्यांवर आला. शिदूचा पाय आपोआप हलू लागला.

एकटी धोंडाबाई निवांत होती. तिच्या ध्यानात आलं होतं, की पाव खाल्ला की निघायचं असं आदिनाथशी ठरलंय. टोपली हलत नाही तोवर पाव नाही, आणि पाव नाही तोवर तळेगाव नाही. आयुष्यात पहिल्यांदा बयाबाईचा हेका तिच्या उपयोगी पडत होता. टोपली संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली असती तरी तिची काही तक्रार नव्हती.

ओळीच्या टोकाहून हिरी म्हणाली, "मावशे, मी डोंगर उतरून आलेय. मला परत चढायचा बी हाय."

बयाबाई कंटाळली होती. तिनं कनवटीला हात घातला, एक डबी काढली, झाकण उघडलं आणि बोट बुडवून मिश्री दाताला लावली. मिश्री म्हणजे खाणं नव्हे, त्यामुळं यात नियम मोडत नव्हता.

धोंडाबाईनं डोळ्याच्या कोपऱ्यातनं डबी बघितली. पितळेची. झाकणावर पोपट, आणि पोपटाच्या मानेत पोचा. तो पोचा सासूनं एकदा सासऱ्याला डबी फेकून मारली तेव्हाचा होता. सासऱ्याचं कपाळ तसं टणक होतं.

"ती डबी," धोंडाबाई म्हणाली.

पलजोरचं ट्रम्पेट गाण्याच्या मधेच थांबलं. पाऊस पडत होता, पण गावकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणं पत्रा वाजायचा थांबला.

"कुटनं आली?" धोंडाबाईनं समोर बघतच विचारलं.

बयाबाईनं आपल्या काळ्या बोटाकडं बघितलं. "उशीखालनं."

"कवा?"

"लोकं यायच्या आदी."

"मी हात घातला तवा नव्हती."

"मी काढल्यावर कशी असंल?"

धोंडाबाई हळूहळू तिच्याकडं वळली. मान दुखली, कारण त्या बाजूला वळायची सवय तिला राहिली नव्हती. "आन् पेज?"

"कसली पेज. त्या दिशी माझी चूल कुटं पेटली व्हती?"

"व्हय. धूर दिसला न्हाई तुज्या घरातनं. तवाच म्हनलं मी."

"आन् तुजी दूधभाकर? म्हस तर तुजी आटलेली."

"तुला ठाऊक व्हतं?"

"गावाला ठाऊक व्हतं. मी कुटं कुणाला बोलले?"

धोंडाबाईनं पदर तोंडापाशी नेला आणि तिथंच धरला. "म्हातारीचं तोंड मी पुसलं. पार गालापतूर काळं व्हतं."

"तू पुसलंस?" बयाबाई आता पुरती तिच्याकडं वळली. "मला वाटलं, जाताजाता आपली आपुन पुसून गेली. तशी टापटिपीची व्हती."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दोघींच्या एकदमच ध्यानात आलं, की एवढी वर्षं झाकून ठेवलेली सासूची अब्रू आपण आत्ता भर शेडमध्ये, सगळ्या गावासमोर, ओळीत मांडली.

"म्हातारीची मिश्री व्हय?" हिरी टोकाहून म्हणाली. "मीच तर आणून द्यायची बाजारातनं. महाराजांनी माळ घातली त्याच दिशी सांजच्याला मला म्हनली, हिरे, आता आणशील ती पदराखाली आण."

"मला बी ठाऊक व्हतं," केरबा म्हणाला.

"मलाबी," शिदू म्हणाला. ओळीओळींतनं माना हलल्या. पोरांच्या ओळीत तर रस्त्यापर्यंत हलल्या. महाराजांनासुद्धा ठाऊक होतं, असं पुढं निघालं. म्हातारीची मिश्री गावात कुणापासूनच लपलेली नव्हती; ती लपवत होत्या फक्त या दोघी.

बयाबाईनं डबी कनवटीला लावली. दोन्ही हातांनी टोपली उचलली आणि धोंडाबाईपुढं धरली. धोंडाबाईनं टोपली घेतली, एक पाव काढला, आणि टोपली पुढं दिली. ती हातोहात हिरीपर्यंत पोचली. हिरीनं पाव घेतला, दाबून बघितला, आणि म्हणाली, "म्हना साहेब तुमचं काय ते."

पलजोरनं प्रार्थना म्हटली. त्याचा आवाज जरा ओला होता, पण त्या दिवशी सगळंच ओलं होतं. मग सगळ्या गावानं एकदम पाव मोडला. चहाचं सरबत झालं होतं, पण कुणी तसं म्हणालं नाही.

धोंडाबाईनं अर्धाच पाव खाल्ला असेल, तोच आदिनाथ मागं येऊन वाकला. त्याचे डोळे भरले होते. "आई, फार बरं झालं बघ. मिटलं एकदाचं. आता मागं काही उरलं नाही. चल, निवांत निघू."

धोंडाबाईचा घास तोंडातच थांबला. पोराचं बोलणं बरोबर होतं. मागं काही उरलं नव्हतं. म्हैस नाही, लावणी नाही, आता भांडणही नाही. तिनं घास हळूहळू चावला, चावता येईल तेवढा चावला, गिळला, आणि बयाबाईकडं वळली. आता मान दुखली नाही.

"ती डबी थोरल्या सुनंची," ती म्हणाली.

बयाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग आदिनाथकडं, आणि त्याच्या हातातल्या किल्लीकडं. चहाचा घोट घेतला.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली.

"सासूची चीज थोरलीकडं जाती."

"उशीखालनं मी काढली. तुला घावली का?"

"मग मी हितनं हलत न्हाई," धोंडाबाई आदिनाथला म्हणाली. "डबी घेतल्याबिगर मी कुटं बी येत न्हाई."

"आई, अगं तळेगावच्या बाजारात तसल्या पन्नास डब्या—"

"तसल्या नगं. हीच. पोचा असल्याली."

आदिनाथनं बयाबाईपुढं हात जोडले. "काकू, देऊन टाका ना. मी तुम्हाला चांदीची आणतो."

"तू मधी पडू नगंस लेकरा," बयाबाई म्हणाली. "ह्ये आमचं जुनं हाय." आणि तो पिशवी काढायला डिकीकडं गेल्यावर तिनं डबी कनवटीला नीट घट्ट खोवली आणि धोंडाबाईच्या कानाशी म्हणाली, "ह्याला लय वर्षं लागतील, आक्का."

पलजोर हे सगळं बघत होता. त्यानं केरबाला बाजूला घेतलं. "भाऊ, परत भांडण?"

केरबा बोटं चाटत होता. "साहेब, खरं सांगा. तुमच्या त्या गावात त्या दिवसानंतर कुणी भांडलंच न्हाई?"

पलजोर खोटं बोलत नसे. "भांडले," तो म्हणाला. "पुष्कळ."

"मग?"

"पाव दर वर्षी केले."

"तेवढंच आमी बी करू," केरबा म्हणाला. "पण पुढल्या साली साहेब, पोरांच्या ओळीसाठी पत्रा वाढवा. आन् च्याला झाकण."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाईनं दार उघडलं. समोर बयाबाई अंगण झाडत होती. धोंडाबाईनं रीतसर तोंड फिरवलं, आत गेली, पिठलं केलं, वाटीत घेतलं आणि बोळ ओलांडला. वाटी बयाबाईच्या हातात दिली.

"डबी दे," ती म्हणाली.

बयाबाईनं उंबऱ्यावर बसून सगळं पिठलं खाल्लं, वाटी बोटानं पुसून घेतली, विसळली. रिकामी वाटी परत कशी द्यायची, म्हणून परसातल्या चार हिरव्या मिरच्या तिच्यात टाकल्या.

"न्हाई," ती म्हणाली, आणि वाटी दिली.